धुरापलीकडचा कावळा

लालबागच्या त्या गल्लीत गंगाधर राऊळ कधी समोर बघून चालला नाही. मान कायम वर. त्यामुळे आयुष्यात तो तीनदा उघड्या गटारात पडला, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावर, आणि एकदा, लग्नाआधी, सुभद्रेच्या अंगावर. या शेवटच्या अपघाताची भरपाई नेमकी कोणी कोणाला दिली, यावर नवराबायकोचं पुढे कधीच एकमत झालं नाही.

मान वर असायची ती धुरासाठी. गंगाधर मिलच्या बॉयलरवर आगवाला होता. कोळसा मारायचा, जाळ सारखा ठेवायचा, पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची आणि दर तासाला बाहेर येऊन चिमणीकडे बघायचं. धूर काळा आला की हवा कमी पडतेय, एवढं कुठल्याही आगवाल्याला कळतं. गंगाधरची मोजणी त्याहून बारीक होती. पलीकडच्या मिलच्या चिमणीला लोखंडी शिडी होती आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर कावळे बसत. आपल्या धुरातून ते सात कावळे मोजता आले की लॉगबुकात ‘धूर उत्तम’. चार दिसले तर ‘धूर बरा’. एकही दिसला नाही तर गंगाधर आत जाऊन जोडीदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. कावळेच कमी आले असतील, अशी शंका कुणी काढली तर तो म्हणे, “कावळे ड्यूटी चुकवत नाहीत. माणसं चुकवतात.”

हे त्याला शिकवलं अण्णा मेस्त्रींनी. अण्णा म्हणजे बॉयलर खात्यातला सगळ्यात जुना माणूस, अंगाने काडी आणि हाताने लोखंड. नवा असताना गंगाधरने एकदा बाहेर न जाताच लॉगबुकात ‘धूर उत्तम’ लिहिलं. अण्णांनी एक कानाखाली दिली आणि म्हणाले, “बघितलंस तर लिही. नाय बघितलंस तर कोरं सोड. खोटी काच पाणी कमी असण्यापेक्षा वाईट.” पाण्याची काच तुंबलेली असली तर बॉयलर रिकामा असूनही भरलेला दिसतो, आणि मग काय होतं ते सांगायला कुणी उरत नाही. गंगाधरचा कान दोन दिवस वाजत होता. नियम मात्र आत बसला तो बसलाच.

पाळी संपताना बॉयलर इंजिनिअर येऊन लॉगबुकाच्या शेवटच्या रकान्यात, ‘अधिकाऱ्याची सही’ या मथळ्याखाली, सही करी. सही झाली की पाळी संपली. सही झाली नसेल तर माणूस घरी जाऊन जेवून झोपला तरी ड्यूटीवरच, असा अण्णांचा कायदा होता.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. गंगाधर संपात होता, घोषणा द्यायलाही पुढे होता, पण पेटती आग तशीच टाकून जाणं त्याला पटेना. संप आठ-पंधरा दिवसांत मिटणार हे सगळ्या गिरणगावाला ठाऊक होतं, तसं त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने आग विझवली नाही, राखेखाली दाबून ठेवली, म्हणजे परत आल्यावर पेटवायला सोपं. लॉगबुकात लिहिलं, ‘आग दाबून ठेवली आहे. धूर: सात कावळे.’ सहीसाठी इंजिनिअरसाहेबांना शोधायला गेला तर साहेब गर्दीला भिऊन मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते. गंगाधरने लॉगबुक पिशवीत घातलं. आठ-पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संप कुणी मिटवला नाही, तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गंगाधरची मिलही. वर्षभर तो रोज सकाळी गेटवर जाऊन चिमणीकडे बघून यायचा. गेटवरचा भैया म्हणायचा, “राऊळ, घर जाव, कव्वे भी उड गये.” आणि खरंच, कोरड्या चिमणीवर कावळेसुद्धा बसेनासे झाले. गंगाधर तेव्हा तिशीतला धट्टाकट्टा बाप्या, पण घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. सुभद्रेला ते बघवत नसे.

सुभद्रेची खानावळ होती. सोळा गिरणीवाले दोन वेळा तिच्याकडे जेवत. संपाने सोळाचे चार झाले, चाराचे शून्य. तिने रडत बसण्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी कढई टाकली आणि बटाटेवडे काढायला सुरुवात केली. नवऱ्याला हात धरून आणलं नि स्टोव्हपुढे बसवलं. म्हणाली, “वडो माझो, जाळ तुमचो. भिंतीकडे बघून पॉट भरत नाय.”

झालं. त्या स्टोव्हचा गंगाधरने बॉयलर केला. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पाळ्या लावल्या. बॉयलरच्या तळाचा गाळ दर पाळीला सोडून द्यायचा असतो, म्हणून तो दर पाळीला कढईतलं तेल निवळू देई, वरचं तेल मलमलच्या फडक्यातून गाळून घेई आणि तळाचं काळं फेकून देई. गिऱ्हाईक ताटकळलं तर त्याला सांगे, “पाच मिनिटं थांबा, जाळ चढतोय.” आणि त्याच लॉगबुकात, संपाच्या पानानंतरच्या पानापासून, तो लिहू लागला. तारीख, पाळी, जाळ, धूर, शेरा. ते बुक भरल्यावर दुसरं आणलं, मग तिसरं. रकाने त्याने पट्टीने स्वतः आखले, आणि शेवटचा ‘अधिकाऱ्याची सही’चा रकानाही दरवेळी आखला. तो तीस वर्षं कोरा राहिला. एकदा वडे खायला आलेल्या पोस्टमनने हौसेने तिथे सही ठोकली, ती गंगाधरने रबराने जाईना म्हणून ब्लेडने खरवडून काढली. पोस्टमन अधिकारी नव्हता.

“त्या मेल्या बुकाशीच लग्न लावायचा होता,” सुभद्रा म्हणे.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात त्यांच्या गाडीसमोर सुमेधा उभी राहिली. दादरची मुलगी, बंगळूरला देशाच्या विमानसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. तिने आधी दोन वडे खाल्ले, मग तिसरा मागितला आणि मग काम सांगितलं. तळून उरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करायचं, ज्याने धूर कमी होईल, असं काम त्यांच्या केंद्रात चाललं होतं. मुंबईतल्या चाळीस वडेवाल्या-भजीवाल्यांकडून ती दर शनिवारी दोन लिटर तेल नेणार होती.

“काका, एकच अट. उरतं तसंच तेल द्यायचं. तुम्ही रोज जे करता ते करा, वेगळं काही नको.”

गंगाधरने पैशाचं विचारलं नाही. तेल कशाला हवं तेही नीट ऐकलं नाही. त्याने विचारलं, “आग कुठे लावता?”

“आमच्याकडे एक छोटं इंजिन आहे. जमिनीवरच पक्कं बांधलेलं. ते चालवून बघतो.”

“जाळ दिसतो?”

“काचेतून दिसतो ना.”

त्या दुपारी गंगाधरने दोन घाणे करपवले. तीस वर्षांत पहिल्यांदा. खऱ्या भट्टीपुढे पुन्हा एकदा उभं राहायचं, आणि ‘राऊळ, बघा हो जरा’ असं कुणीतरी म्हणायचं, एवढीच एक इच्छा त्याच्या पोटात कोळशासारखी दाबून ठेवलेली होती. तिच्यावरची राख त्या मुलीने उडवली.

पहिले तीन शनिवार सुरळीत गेले. चौथ्या शनिवारी केंद्रातून नवे डबे आले, त्यांवर विमानाचं चित्र होतं. तोवर सुभद्रेची समजूत होती की तेल कुठल्यातरी पंपाला जातंय. चित्र बघून तिने कमरेवर हात ठेवले.

“ह्यां विमानाक घालतत?”

“हो.”

“उष्टां तेल?”

“उष्टं कसलं, वापरलेलं.”

“ताच ता. कावळ्याक आपण उष्टां घालत नाय. पितरांचा पान पयला वेगळा काढतो. आणि ह्यां तर जित्या माणसांक पोटात घेवन उडतला. उडणाऱ्याक उष्टां? माझ्या हातान?”

तिने नव्या तेलाची पिशवी फोडली आणि डब्यात दोन पळ्या कोरं तेल सोडलं, वरणावर तूप सोडतात तसं. पुढच्या आठवड्यात चार पळ्या. श्रावणात अर्धा डबा. गणपतीत तर तिने सगळाच डबा नव्या तेलाने भरला, म्हणाली, सणासुदीला तरी विमानान बरा खावंदे.

गंगाधरने पाहिलं ते लिहिलं. ‘आज सुभद्रेने चार पळ्या नवे तेल घातले.’ ‘आज अर्धा डबा.’ ‘आज पूर्ण. गणपती.’ केंद्राच्या छापील फॉर्मवर मात्र तारीख आणि दिवसाचे घाणे किती, एवढंच विचारलेलं होतं, तेवढंच त्याने भरलं. नव्या तेलाचं कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मिलमध्येही कुणी ठरल्यापेक्षा चांगला कोळसा दिला म्हणून चौकशी लागल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. अट त्याला आठवत होती, पण बायको आणि अट यांत त्याने बायकोशी वैर घेतलं नाही.

डिसेंबरात सुमेधा तिच्या साहेबांना घेऊन आली. रघुवीर सबनीस, गोरेपान, चष्म्याला दोरी. चाळीस नमुन्यांत सतरा नंबरचा, म्हणजे राऊळांचा नमुना पहिला आला होता. नुसता पहिला नव्हे, बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. साहेबांनी निवळण्याची पद्धत विचारली, मलमलच्या फडक्याचे फोटो काढले. फडकं सुभद्रेच्या जुन्या परकराचं होतं, ते तिने सांगू दिलं नाही.

“राऊळ, फेब्रुवारीत या तेलाचं इंधन पेटवतोय,” सबनीस म्हणाले. “तुम्ही बंगळूरला यायचं. पहिल्या नंबरवाल्याला आम्ही बोलावणारच होतो. काचेपुढे उभं राहायचं आणि बघायचं.”

गंगाधरने साहेबांना उगाच आणखी एक वडा दिला.

चाळीच्या मंडळाने दोन दिवसांत फलक लावला. ‘विमानास तेल पुरवून लालबागचे नाव आकाशात नेणारे आमचे गंगाधरदादा.’ फोटोत गंगाधर आणि विमान साधारण एकाच आकाराचे होते. त्याने ट्रंकेतला मिलचा खाकी शर्ट काढला. पोटावर दोन बटणं मिटेनात, तर सुभद्रेने बाजूने कापड जोडून दिलं, ते थोडं निराळ्या खाकीचं होतं.

जानेवारीत तिकिटं द्यायला सुमेधा आली. बोलता बोलता म्हणाली, “काका, तुमच्या आकड्यांवरच आम्ही बर्नर जुळवतोय. आता चाळीसही जणांना तुमच्यासारखं तेल गाळायला सांगणार.”

गंगाधरचा हात झाऱ्यावरच थांबला. त्याचा डावा कान, जो चाळीस वर्षांपूर्वी दोन दिवस वाजला होता, तो पुन्हा वाजायला लागला. खोटी काच. ही पोर काच बघून बॉयलर चालवत होती आणि काचेत पाणी सुभद्रेने ओतलेलं होतं.

“उद्या ये गो,” तो म्हणाला. “तिकिटं पण उद्याच दे.”

सुमेधा गेल्यावर तो सुभद्रेला म्हणाला, “सांगायला हवं.”

सुभद्रा वडे थापत होती. “नका सांगू,” ती म्हणाली. “तुमका कोणी तरी बोलावल्यान हा. तीस वर्षांनी. मी गप ऱ्हवान. तुम्ही पण गप ऱ्हवा.” तिचा आवाज नेहमीचा नव्हता. आपल्या हातून नवऱ्याचा घास जातोय हे तिला त्याच्याही आधी कळलं होतं.

गंगाधर तिला म्हणाला, “चूक तुझी नाही. मी बघत होतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने लॉगबुक सुमेधापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. सुमेधाचा चेहरा उतरत उतरत पार गेला. नऊ महिन्यांचं काम होतं तिचं.

“पण का काकी?” तिने सुभद्रेला विचारलं.

“उडणाऱ्याक उष्टां कसां देवचा?” सुभद्रा म्हणाली. “तूच सांग. तुझी आवस देयत?”

दादरला सुमेधाची आईही कावळ्याचं पान आधीच वाढत असे. मग ती स्टुलावर बसली आणि लॉगबुक वाचू लागली. एक वडा पुढ्यात गार झाला. चौतीस डबे. कुठल्या तारखेला किती पळ्या, सगळं होतं. पहिले तीन डबे निर्भेळ होते. दिवाळीनंतर सुभद्रा भाचीच्या लग्नाला मालवणला गेली होती, तेव्हाचे चार डबेही निर्भेळ. तिने मोबाइलवर आकडे काढले, हिशेब मांडला आणि हुश्श केलं.

“काका, हे सात डबे धरता येतील. बाकीच्यांतही किती भेसळ ते कळतंय. काम बुडत नाही.” मग म्हणाली, “पण तुमचा नंबर सहावा येतो.”

“सहावा? पहिला कोण?”

“भायखळ्याची चंपा. भाजीबाजारासमोर भजी विकते ती.”

चंपाला गंगाधर ओळखत होता. तिच्या स्टोव्हचा धूर त्याने एकदा पाहिला होता आणि त्याविषयी लोकांत बोलता येण्यासारखं नव्हतं. पण तेल ती रोजच्या रोज बदलत असे, हे तिचं पुण्य. तिकीट चंपाचं झालं. मंडळाने फलक काढला नाही, कारण पैसे महिन्याभराचे भरले होते. गंगाधर खाली मान घालून त्याच्याखालून जाई, आणि खाली मान घालून चालल्यामुळे त्या महिन्यात एकदाही पडला नाही. सुमेधाने लॉगबुक अभ्यासाला म्हणून मागून नेलं, तेही त्याने मुकाट्याने दिलं.

चंपा बंगळूरहून परत आल्याचं कळताच तो चालत भायखळ्याला गेला.

“जाळ कसा होता?”

“चांगला होता की.”

“रंग कुठला? उंच होता की बसका? धूर?”

“धूर कुठला आलाय राऊळभाऊ, काय्येक नव्हतं बघायला. इडल्या मात्र अशा होत्या,” चंपाने हाताने दाखवलं. इडल्यांविषयी तिने सविस्तर सांगितलं. गंगाधर तसाच परत आला आणि सुभद्रेशी दोन दिवस बोलला नाही, मग बोलला, कारण कांदे संपले होते.

आठवड्याने पार्सल आलं. लॉगबुक होतं. चौतीस डब्यांच्या चौतीस नोंदींपुढे, तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या रकान्यात, सुमेधाच्या सह्या होत्या. प्रत्येक नोंद तिने तपासली होती. गंगाधरने पहिल्या सहीवरून बोट फिरवलं आणि त्याला रडू आलं. सुभद्रेने तोंड फिरवून बटाटे कुस्करायला घेतले, तेही आधीच कुस्करलेले.

पण शेवटच्या पानावर बंगळूरच्या चाचणीची एक नोंद सुमेधाच्या अक्षरात होती. पाळी: पहिली. जाळ: निळा, स्थिर. धूर: नाही. आणि सहीचा रकाना मोकळा. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अधिकारी: श्री. गंगाधर राऊळ. कृपया सही करावी.’

सुभद्रेने पेन आणून हातात दिलं. गंगाधरने ते उघडलं, पान परत वाचलं आणि पेन मिटलं.

“काय झाला?”

“मी बघितलं नाही.”

“ती पोर बघल्यान ना?”

“सही माझी मागतात. मी बघितलं नाही तर कोरं.”

सुभद्रा त्याला त्या दिवशी जे बोलली त्यातलं निम्मं मालवणी शेजाऱ्यांनाही नवीन होतं. सहीसाठी जन्मभर झुरलात, नि आता सही दारात आली तर कानात अण्णा वाजतो. गंगाधरने सगळं ऐकून घेतलं आणि पानाखाली लिहिलं, ‘आग समक्ष पाहिली नाही. सही बाकी.’ आणि लॉगबुक रजिस्टर पोस्टाने परत पाठवलं.

तीन आठवड्यांनी सबनीसांचं पत्र आलं, केंद्राच्या छापील कागदावर. दुसरी चाचणी मार्चात आहे, नोंदीवरील सही बाकी असल्याने आपण हजर राहावे, सोबत दोन तिकिटे.

तर अशा रीतीने खाकी शर्ट बंगळूरला पोचला. काचेपलीकडे इंजिन होतं, गंगाधरच्या बॉयलरच्या मानाने पोराच्या खेळण्याएवढं, पण पेटल्यावर काच थरथरली. जाळ निळा होता. जाळ स्थिर होता. सबनीसांनी पडद्यावर धुराचे आकडे दाखवले. गंगाधरने मान डोलावली आणि म्हणाला, “बाहेर जायचंय. चिमणी बघायची.”

एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण सुमेधा त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. तारेच्या कुंपणापाशी तो उभा राहिला आणि मान वर केली. इंजिनाच्या नळीतून गरम हवा लहरत वर जात होती, बाकी काही नाही. तो बघतच राहिला. वाचायला धूरच नव्हता. जन्मभर ज्याच्यासाठी तो गटारात पडला तो धूर, आणि इथे शहाणी माणसं तो नाहीसा करण्यासाठी झटत होती. क्षणभर त्याला वाईट वाटलं. मग त्या लहरत्या हवेपलीकडे, समोरच्या भिंतीवर, त्याला कावळा दिसला. एकच होता. त्याची चोच दिसत होती, मानेवरचा करडा पट्टा दिसत होता, आणि तो यांच्याकडेच तिरकं बघत होता.

सुमेधाने आणलेलं लॉगबुक गंगाधरने कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि नव्या ओळीवर लिहिलं, ‘धूर: नाही. कावळा एक होता, एक दिसला.’ सही केली.

मग त्याने पिशवीतून दुसरं बुक काढलं, जुनं, पुठ्ठा निघालेलं. पान काढलं ते ब्याऐंशी सालचं. ‘आग दाबून ठेवली आहे. धूर: सात कावळे.’ ते सातही त्याने स्वतः मोजले होते. शेवटच्या रकान्यात त्याने तशीच दुसरी सही केली आणि बुक मिटलं.

सुभद्रा वड्यांचा डबा घेऊन पायरीवर बसली होती. सगळे वडे कोऱ्या तेलातले होते, पाहुण्यांसाठी म्हणून.

“संपली पाळी?” तिने विचारलं.

“संपली,” तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी बसला. सुभद्रेने पहिला वडा काढून भिंतीवर ठेवला, मग त्याच्या हातात दुसरा दिला.